स्वस्त तेलाचा खर्च लातूरच्या माथी

दिवाळीच्या तोंडावर मुंबईत दोन बातम्या हमखास एकाच आठवड्यात येतात. फराळाचं तेल महागलं, ही पहिली. मराठवाड्यात सोयाबीन हमीभावाखाली गेलं, ही दुसरी. दोन्ही खऱ्या असतात. पण दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, हे कोणी विचारत नाही आणि वाद सुरू होतो तिसऱ्याच गोष्टीवर: शेतकऱ्यांना अनुदान द्यावं की नाही. एकीकडे ‘आमच्या करातून यांना किती वर्षं पोसायचं’ म्हणणारे पगारदार. दुसरीकडे ‘बळीराजा’ आणि ‘अन्नदाता’ हे शब्द उच्चारले की हिशेब मांडायची गरज संपली असं समजणारे. दोघांचं एका बाबतीत मात्र एकमत असतं. अनुदानाची गोष्ट लातूरच्या शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पडतात त्या दिवशी सुरू होते, असं दोघंही धरून चालतात.

ती त्याच्या खूप आधी, दिल्लीत निघालेल्या सीमाशुल्काच्या अधिसूचनेपासून सुरू होते, आणि तिथे पैसा उलट्या दिशेने वाहत असतो. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. तेलबिया पिकवणाऱ्याला सरकारने पैसे द्यायलाच हवेत, पण मदत म्हणून नव्हेत आणि हेक्टरी तर नव्हेतच. शहराला तेल स्वस्त मिळावं म्हणून सरकार भाव दाबतं, त्यातून पडणारी तूट विकलेल्या प्रत्येक क्विंटलमागे सरकारनेच भरून द्यावी. तेलाच्या आयातीवर जो कर आजही गोळा होतो, त्यातूनच ती द्यावी.

भाव दाबतं हा शब्द जड वाटत असेल तर २०२५ चा मे महिना आठवावा. २८ मे रोजी केंद्राने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीनचा भाव ४,८९२ वरून ५,३२८ रुपयांवर नेला. त्याची वाहवा ओसरायच्या आत, ३० मे रोजी, कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. एका हाताने ५,३२८ चा आकडा दिला आणि तो आकडा बाजारात येऊ नये याची सोय दुसऱ्या हाताने केली, तीही पेरणीच्या तोंडावर. ही चूक होती असं मी म्हणत नाही. महागाई आटोक्यात ठेवणं सरकारचं कामच आहे. प्रश्न एवढाच, की त्या कामाचा खर्च कोणाच्या नावावर टाकला गेला?

२०२१ मध्येही हेच झालं होतं. त्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेलं. कोंबडीखाद्य परवडेना म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ज्या जनुकबदल सोयाबीनचं बियाणं पेरायला आपल्या शेतकऱ्याला बंदी आहे, त्याचीच पेंड बाहेरून आणायला मात्र मुभा मिळाली. नवा माल येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. त्याला आवकेचा दाब आणि जागतिक बाजारही कारणीभूत होता, हे मान्य. पण त्याच डिसेंबरात बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सोयाबीन, मोहरी, सोयातेल आणि पामतेलाचे वायदेही थांबवले, आणि ती बंदी पुढे वर्षानुवर्षं वाढत गेली. पुढच्या भावाचा अंदाज घ्यायची जी एक जागा होती, तीही गेली.

मुंबई या प्रकरणात बघ्याच्या भूमिकेत नाही, हेही इथेच सांगायला हवं. सेबीचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तेलबियांचे देशातले पहिले संघटित वायदे १९०० साली याच शहरात, गुजराती व्यापारी मंडळीने सुरू केले होते. वडापावच्या गाडीवर उकळणारं तेल बहुतेक वेळा इंडोनेशिया-मलेशियातलं पाम असतं. शहाण्णव कुळी मराठी पदार्थ परदेशी तेलात तळला जातो याचं मला दुःख नाही. पण ते तेल स्वस्त का आहे, हे खाणाऱ्याला ठाऊक असावं एवढीच अपेक्षा.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी ‘उणे सबसिडी’ म्हणायचे तेव्हा अनेकांना तो आंदोलनाचा अतिरेक वाटे. ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांच्या २०१८ च्या अभ्यासाने नेमकं तेच आकड्यांत मांडलं. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात खत, वीज, पाणी यांवरची सगळी अनुदानं जमेस धरूनही भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरीने उणे १४ टक्के निघाला. म्हणजे सरकारने दिलं त्यापेक्षा निर्यातबंदी, साठामर्यादा आणि आयातीच्या मार्गाने जास्त काढून घेतलं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा देणाऱ्यांना अनुदान नको होतं, यात म्हणूनच काही विसंगती नाही. त्यांना काढून घेणं थांबायला हवं होतं. माझा त्यांच्याशी मतभेद इथे सुरू होतो. काढून घेणं थांबेल असं मला वाटत नाही. शंभर कोटींहून जास्त लोक तेल विकत घेतात, आणि कोणत्याही पक्षाचं सरकार त्यांच्या कढईकडे पाहूनच शुल्क ठरवणार. मग निदान त्याची भरपाई तरी उघड, हिशेबात मांडून व्हावी.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. पामचं एक हेक्टर तीन-चार टन तेल देतं. आपल्या सोयाबीनचं हेक्टर दहा क्विंटल दाणा देतं आणि त्यातून निघतं जेमतेम पावणेदोन-दोन क्विंटल तेल. इतका फरक असताना आयात वाईट कशी? खरं आहे. तेलात शंभर टक्के स्वावलंबन हा भाषणात शोभणारा संकल्प आहे, तो साधायला अवाच्या सवा किंमत मोजावी लागेल. आपण एकदा त्याच्या जवळ गेलोही होतो. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली, आणि १९९३-९४ पर्यंत देशाची जवळपास सगळी गरज घरच्या तेलावर भागू लागली. त्यात बियाण्याचा आणि बाजारव्यवस्थेचा वाटा होता, पण आयातीवरच्या कडक बंधनांचाही होता. म्हणजे त्या यशाची किंमत तेव्हाच्या मुंबईकराने महाग तेल घेऊन मोजली होती.

पण त्यापुढे काय झालं? १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली केली आणि चार-पाच वर्षांत ते शुल्क १५ टक्क्यांच्या आसपास आणून ठेवलं. जागतिक व्यापार संघटनेचं दडपण होतं असं सांगितलं जातं, पण त्या करारात भारताने पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा राखून ठेवली होती. निर्णय आपलाच होता. आज देशाच्या गरजेचं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, वर्षाला दीड कोटी टनांच्या वर. आणि स्वस्ताईच्या या वाटेवर २०२२ सारखी वर्षंही येतात. युद्धामुळे युक्रेनचं सूर्यफूल तेल अडकलं, त्यातच एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंदच केली. तेव्हा पाम हेक्टरी किती टन निघतं हा हिशेब कोणाच्या कामाला आला? सगळं इथेच पिकवा असं कोणी म्हणू नये. पण जे पन्नास लाखांच्या आसपास हेक्टर राज्यात सोयाबीनखाली आहेत, ते तोट्यात जाऊन मोडू देणं यात शहाणपण नाही.

दुसरा मुद्दा शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना आवडणारा नाही. आयातशुल्क वाढवा की सोयाबीनला भाव मिळेल, ही मागणी जवळपास प्रत्येक मोर्चात असते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती पूर्ण झाली. कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं. मुंबईत तेलाची पिशवी लगेच महागली. आणि सोयाबीन? हमीभाव ४,८९२ असताना बाजारात ते ४,००० ते ४,३०० च्या आसपासच घुटमळत राहिलं. याचं कारण षड्यंत्रात नाही, दाण्यात आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळलं तर अठरा किलो तेल आणि ऐंशी-ब्याऐंशी किलो पेंड निघते. तेल किलोमागे वीस रुपयांनी चढलं तर क्विंटलला मिळाले ३६० रुपये. पण पेंड किलोमागे पाच रुपयांनी उतरली तर गेले चारशेच्या वर. त्या वर्षी नेमकं हेच झालं. जगात पेंड मुबलक होती, आणि इथे मका-तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून निघणारा डीडीजीएस हा चोथा पशुखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. म्हणजे एका मंत्रालयाने शुल्क वाढवून दिलेलं दुसऱ्याच्या इथेनॉल धोरणाने परस्पर वळतं केलं. मोहरी, करडई, तीळ यांचं तसं नाही, त्यांच्यात तेलाचा वाटा मोठा, म्हणून शुल्क त्यांना उपयोगी पडतं. सोयाबीन हे तेलबियांच्या यादीत बसवलेलं पेंडीचं पीक आहे. त्याला शुल्काच्या भिंतीमागे लपवून वाचवता येणार नाही. आणि त्या भिंतीचा खर्च मात्र गोवंडी-मानखुर्दला अर्धा-अर्धा लिटर तेल घेणाऱ्या बाईकडून वसूल होतो.

मग यातून वाट कोणती? गिऱ्हाइकाला माल बाजारभावाने मिळावा आणि ठरलेल्या भावापर्यंतचा फरक सरकारी तिजोरीने शेतकऱ्याला द्यावा, ही कल्पना नवी नाही. ब्रिटनने १८४६ मध्ये धान्यावरचं संरक्षक शुल्क काढून शहरातल्या मजुराला स्वस्त पाव दिला आणि पुढे आपली शेती वाऱ्यावर सोडली. दोन महायुद्धांत बोटी बुडू लागल्या तेव्हा त्याची किंमत कळली. युद्धानंतर त्यांनी शुल्क परत आणलं नाही. १९४७ च्या कायद्याने शेतकऱ्याला भावाची हमी दिली, आणि पन्नाशीच्या दशकापासून युरोपच्या सामायिक बाजारात जाईपर्यंत बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक सरकारी खजिन्यातून दिला. पाव स्वस्त राहिला, शेतकरीही टिकला, आणि खर्च किती ते दरवर्षी अर्थसंकल्पात सगळ्यांना दिसत राहिलं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, आणि त्याचा मोठा भार मुंबई-पुण्याच्या नोकरदारांवर पडला. आजही पगाराच्या पावतीवर ती कपात दिसते. ‘आमच्या करातून त्यांना का’ हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणारच. पण गावात काम मिळालं नाही तर ते लोक याच शहराच्या पदपथांवर येतील, हे समजण्याइतकं शहाणपण तेव्हाच्या मुंबईत होतं. तेलबियांच्या बाबतीत तर तेवढीही दूरदृष्टी लागत नाही. इथे मुंबईकर दुसऱ्याचं ओझं उचलत नाही, स्वतःला आधीच मिळालेल्या स्वस्ताईचे पैसे चुकते करतो.

पैसे कुठून, हा प्रश्न रास्त आहे. राज्याची तिजोरी आश्वासनांखाली आधीच वाकली आहे. म्हणून ढोबळ हिशेब करू. पन्नास लाख हेक्टर, हेक्टरी दहा क्विंटल, म्हणजे पाच कोटी क्विंटल. क्विंटलमागे सातशे रुपये तूट धरली तर साडेतीन हजार कोटी. आता २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसासाठी राज्याने हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, अशी मदत जाहीर केली, तिचा खर्च चार हजार कोटींच्या वर होता. म्हणजे या तोलाचा पैसा आपण खर्च करतोच आहोत, फक्त सगळ्यात वाईट पद्धतीने. ज्याने चांगलं पिकवलं त्याला आणि ज्याचं शेत तणाने भरलं त्यालाही तितकेच.

केंद्राकडे तर यासाठी नावासकट पैसा आहे. खाद्यतेलाचं मूळ आयातशुल्क शून्यावर होतं तेव्हाही कच्च्या तेलावर पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लागत होता. आजही लागतो. खाद्यतेलाच्या आयातीचं वर्षाचं बिल एक लाख तीस हजार कोटींच्या आसपास जातं आणि त्यात मोठा वाटा कच्च्या तेलाचा, तेव्हा उपकराची रक्कम पाच-सहा हजार कोटींच्या घरात असणार. उपकर असल्यामुळे त्यातला एक रुपयाही राज्यांना वाटून मिळत नाही. हा पैसा देशभरच्या तेलबियांना पुरणार नाही, पण सुरुवात करायला पुरेल, आणि गोवंडीच्या बाईवर नवा बोजाही पडणार नाही. ज्या वर्षी जगात तेल महागतं तेव्हा सरकार शुल्क उतरवतं आणि उत्पन्न घटतं, पण त्या वर्षी बहुधा तेलबियांनाही भाव असतो, तूट उरत नाही. जागतिक भाव पडतात तेव्हाच तूट पडते आणि तेव्हाच शुल्क चढवायला वाव असतो.

‘भावांतर’, म्हणजे असा भावफरक देणारी योजना, म्हटलं की मध्य प्रदेशचं नाव पुढे केलं जातं, आणि करायलाच हवं. २०१७ मध्ये तिथे ही योजना आली. फरक सरकार देणार म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी भाव पाडले. ठरावीक मुदतीत विकलं तरच फरक मिळणार, म्हणून सगळा माल एकदम बाजारात आला आणि भाव आणखी पडले. योजना गुंडाळावी लागली. पण दोष फरक देण्यात होता की मुदतीत? हंगामाची मुदत सहा-आठ महिन्यांची ठेवली, तारण ठेवलेल्या मालालाही फरक लागू केला, आणि फरकाचा आकडा स्थानिक बोलीवर न ठरवता लातूर, अकोला, इंदूर अशा मोठ्या बाजारांच्या महिन्याच्या सरासरीवर ठरवला, तर एका बाजारात भाव पाडून कोणाला फारसं काही साधणार नाही. मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये सोयाबीनसाठी पुन्हा भावांतराकडेच वळावं, हे बोलकं आहे. केंद्राच्या ‘पीएम-आशा’ योजनेतही २०१८ पासून तेलबियांना भावफरक देण्याची सोय आहे. आपण ती वापरत नाही.

आपण वापरतो ती हमीभाव खरेदी. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राने सोयाबीनची अकरा लाख टनांहून जास्त खरेदी केली, इतर वर्षांच्या मानाने मोठीच. पण अनुभव विचारा. बारा टक्क्यांवर ओलावा असला की माल परत. परतीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनला ही अट कशी पाळणार, हे कळायला नोव्हेंबर उजाडला आणि मग ती पंधरा टक्के झाली. कधी बारदाना नाही, कधी वजनकाटा बंद, कधी नोंदणी होऊन संदेशच नाही. देणी डोक्यावर असलेला शेतकरी तोवर आडत्याकडे जाऊन मोकळा होतो. खरेदी झालेला माल गोदामातून पुढे बाजारातच येतो आणि नव्या हंगामाच्या भावावर बसतो. ज्यांना कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवते त्यांना हे नवं वाटू नये. सरकारने स्वतः व्यापारी व्हायचं ठरवलं की तोटा, वशिला आणि सीमेपलीकडे जाणारा माल हे तिन्ही ओघाने येतात.

एक आक्षेप मला खरंच अवघड वाटतो. भावाची शाश्वती दिली की शेतकरी सोयाबीनवरच अडकून राहील. मराठवाड्याच्या बऱ्याच भागात आज खरिपाचं दुसरं पीक कमीच दिसतं, आणि सोलापूर-लातूर पट्ट्यातली रब्बीची करडई, जी कोरडवाहू काळ्या रानात नुसत्या ओलीवर येते, ती हरभऱ्याने हटवली. जवस, तीळ तर बांधावर गेले. फरक फक्त सोयाबीनला दिला तर हे आणखी बिघडेल. त्यामुळे तो सगळ्या तेलबियांना हवा, आणि करडईला अंमळ झुकतं माप द्यावं असं मी म्हणेन. पण पर्यायांची चर्चा करताना ऊस विसरू नये. त्याला एफआरपीची, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराची, कायदेशीर हमी आहे, घेणारा कारखाना ठरलेला आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या लातूरची तहान भागवावी लागली, त्याच जिल्ह्यात पाण्याची जरा सोय होताच ऊस लागतो, तो शेतकरी अडाणी आहे म्हणून नव्हे. पावसावर येणाऱ्या पिकाला भावाची खात्री नाही आणि पाणी पिणाऱ्याला आहे, या गणितात तोही दुसरं काय करणार?

राहिला प्रश्न पैसे नेमके कोणाच्या खात्यात जाणार याचा. आज मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. गावात प्रत्यक्ष शेत करणारा मात्र अनेकदा बटाईदार असतो, नाहीतर ठोक्याने घेतलेला, आणि मालक लातूर शहरात, पुण्यात किंवा इथे ठाण्या-डोंबिवलीत. बाजार समितीच्या पट्टीवर ज्याचं नाव त्याला फरक, असं करावं म्हटलं तरी ई-पीक पाहणीत बटाईदाराचं नाव लावायला मालक तयार होत नाही. मराठवाड्यात अजून १९५० चा हैदराबाद कूळकायदा डोक्यावर आहे. एकदा नाव लागलं की जमीन गेली, ही भीती तीन पिढ्यांची आहे. जमिनीचा हक्क आणि त्या हंगामातल्या पिकाचा हक्क कायद्याने वेगळे केल्याशिवाय भावांतराचे पैसेही मालकाच्याच खात्यात पडतील. आणि हे काम दिल्लीच्या अधिसूचनेने होणारं नाही. तो कायदा मुंबईतच व्हायला हवा, नरिमन पॉइंटच्या विधानभवनात.